मातृभाषेचा रकाना



जून महिना उजाडला म्हणजे शाळेच्या कचेरीपुढे पालकांची रांग लागते. प्रवेशाचा अर्ज हाती पडतो. मुलाचे नाव, जन्मतारीख, पत्ता हे सारे भराभर लिहून होते. मग एक लहानसा रकाना येतो. त्यावर लिहिलेले असते, ‘मातृभाषा’. येथे आपल्यापैकी पुष्कळांची लेखणी क्षणभर थबकते. घरात आई मुलाशी दख्खनीत बोलते. मौलवीसाहेबांकडे मूल अलिफ-बे गिरवते. गल्लीत, तालमीत आणि मंडईत तेच मूल अस्सल कोल्हापुरी मराठी बोलते. मग लिहावे काय? मागे उभे असलेले घाई करतात, खिडकीतला कारकून हात पुढे करतो, आणि आपण एखादा शब्द लिहून मोकळे होतो.

हा शब्द कोणता असावा हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. तो अधिकार आपला आहे, आणि तो आपलाच का आहे, हेही पुढे येईल. परंतु आपल्या मुलाला आपली भाषा शाळेत वरच्या पायरीपर्यंत शिकता येईल की नाही, हे या रकान्याशी फार जवळून बांधलेले आहे. त्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्याला ठाऊक असावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

तीन भाषांचे घर

आपण तीन भाषांत वाढतो याचे कोणाला कमीपण वाटण्याचे कारण नाही. पन्हाळ्याचा हा मुलूख आदिलशाहीत होता. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत दफ्तरातील हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्यास मोकळीक मिळाली आणि महसुली कागदांवर मराठी लेखणी चालू लागली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने आपला ‘किताब-ए-नौरस’ हा संगीतविषयक ग्रंथ दख्खनीत रचला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी आपला ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. दख्खनीतला ‘नक्को’ आणि मराठीतला ‘नको’ हे एकाच अंगणात खेळलेले भाऊ आहेत. तेव्हा दख्खनी घरची, उर्दू ग्रंथांची आणि मराठी मातीची, अशा या तिन्ही भाषा आपल्याच होत.

अडचण भाषांची नव्हती. शाळा आली आणि तिने विचारले, ‘यांतली एक सांगा.’ तेथून अडचण सुरू झाली.

हंटर साहेबांचा अहवाल

1882 साली हिंदुस्थान सरकारने सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. मुसलमानांच्या शिक्षणासंबंधी त्या आयोगाने सतरा शिफारशी केल्या. त्यांतील एक शिफारस अशी की, मुसलमान मुलांच्या प्राथमिक व मधल्या शाळांतून मुख्य माध्यम हिंदुस्थानी असावे. मात्र ज्या ठिकाणी तेथील मुसलमान समाज दुसरी भाषा मागेल, तेथे ती असावी. दुसरी शिफारस अशी की, जेथे सरकारी देशी भाषा हिंदुस्थानीहून निराळी असेल तेथे ती ऐच्छिक विषय म्हणून शिकवावी, आणि अंकगणित व हिशेब मात्र त्या देशी भाषेतूनच शिकवावेत.

वाचकहो, या दोन वाक्यांत पुढच्या साऱ्या प्रश्नाचे बीज आहे. पहिल्या वाक्यात ‘समाज मागेल तेथे’ अशी सवलत आहे. न मागणाऱ्याच्या वाट्याला सरकार ठरवील ते येणार, हा तिचा अर्थ. दुसऱ्या वाक्यात व्यवहाराचे शहाणपण आहे. मुलाने आपली भाषा जरूर शिकावी, परंतु बाजारात हिशेब करताना आणि कचेरीत अर्ज लिहिताना ते अडू नये. मराठी मुलखात याचा अर्थ असा की, गणित मराठीतून आले पाहिजे.

मराठीलाही दार बंद होते

वरच्या वर्गात आपली भाषा शिकण्यास मज्जाव होणे हे केवळ उर्दूच्या नशिबी आले असे समजू नका. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. प्रारंभी त्याच्या परीक्षांत मराठीला जागा होती. 1860 च्या दशकात विद्यापीठाने ती काढून घेतली. अभिजात भाषा म्हणून संस्कृत घ्या, फारसी घ्या, अरबी घ्या. पण ज्या भाषेत आई बोलते ती भाषा उच्च अभ्यासाच्या योग्यतेची नाही, असे विद्वानांनी ठरविले. ही चूक दुरुस्त व्हावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी चिकाटीने खटपट केली, तेव्हा कोठे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठीला एम. ए.च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. म्हणजे महाराष्ट्रात बहुसंख्यांच्या भाषेलाही वरच्या वर्गात येण्यास जवळजवळ चाळीस वर्षे दाराबाहेर उभे राहावे लागले.

आपल्या कोल्हापूरचे एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. राजाराम कॉलेजात फारसी शिकविणारे प्राध्यापक होते माधव त्र्यंबक पटवर्धन. मराठी वाचक त्यांना माधव जूलियन या नावाने ओळखतात. 1925 साली त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ प्रसिद्ध झाला आणि 1938 साली मुंबई विद्यापीठाने त्यांना मराठी छंदःशास्त्रावरील ग्रंथाबद्दल डी. लिट. ही पदवी दिली. फारसीत पारंगत झालेला माणूस मराठी छंदांचा शास्त्रकार झाला. एक भाषा खोलवर शिकल्याने दुसरी उथळ होत नाही, याचा याहून चांगला दाखला आपल्या गावात दुसरा शोधावा लागणार नाही.

शाहू छत्रपतींचे कार्य

उच्च अभ्यासाचा प्रश्न निघण्याआधी मूल शाळेत टिकावे लागते. हे ज्यांनी ओळखले ते राजर्षी शाहू छत्रपती. 1901 साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगात त्यांनी दहा मुसलमान विद्यार्थी घेतले. पुढे 1906 साली समाजाच्या पुढाऱ्यांस एकत्र बोलावून कोल्हापूर मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि वसतिगृहास जागा व मदत दिली. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग ही त्याची साक्ष आजही उभी आहे. 1917 साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

बोर्डिंगात राहणारा मुलगा दिवसा शहरातील शाळेत मराठीतून शिके, आणि संध्याकाळी आपल्या माणसांत आपली जबान बोले. एका भाषेसाठी दुसरी टाकावी लागत नाही, हा धडा त्या वसतिगृहाने कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय दिला.

दहा आणि चाळीस

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रांतोप्रांतींच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली. तिने केलेला ठराव आजही प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा आहे.

ठरावाचा पहिला भाग असा. प्राथमिक शाळेत मुलाला मातृभाषेतून शिकवावे. ती राज्याच्या भाषेहून निराळी असेल, आणि त्या भाषेची एका वर्गात किमान 10 किंवा साऱ्या शाळेत किमान 40 मुले असतील, तर किमान एक शिक्षक नेमून तशी सोय करावी. राज्याची भाषा तिसरीच्या आधी सुरू करू नये, पण प्राथमिक टप्पा संपण्यापूर्वी ती सुरू झालीच पाहिजे.

दुसरा भाग माध्यमिक शाळेचा. तेथे अट कडक झाली. शाळेतील एकतृतीयांश मुलांनी मागणी केली तरच सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांनी ही सोय करावयाची. अनुदानित शाळांनाही, आसपास दुसरी सोय नसेल तर, हीच अट. प्रादेशिक भाषा मात्र माध्यमिक टप्प्यात सर्वांना सक्तीची.

आणि तिसरे वाक्य, सर्वांत महत्त्वाचे. मातृभाषा म्हणजे पालक जी मातृभाषा म्हणून जाहीर करील ती. मास्तर ठरविणार नाहीत, कारकून ठरविणार नाही, मुलाचे नाव पाहून तर कोणीच ठरविणार नाही.

पुढे 2014 साली कर्नाटकातील भाषामाध्यमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही हेच सांगितले की, मुलाची मातृभाषा कोणती हे ठरविण्याचा अधिकार आईवडिलांचा किंवा पालकाचा आहे. 1949 च्या ठरावापासून 2014 च्या निकालापर्यंत हा धागा अखंड आहे. म्हणून प्रारंभी म्हटले की, रकाना लहान असला तरी लेखणी आपली आहे.

पंधरा आणि साठ

1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत कलम 350अ आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. 350ब या कलमान्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला गेला आणि त्याचे अहवाल संसदेपुढे जाऊ लागले.

घटनेचे कलम प्राथमिक टप्प्यापाशी थांबते, हे ध्यानात घ्या. वरच्या वर्गाचे काय? त्यासाठी दक्षिण क्षेत्रीय परिषदेने 1959 च्या सुमारास एक माप सुचविले. माध्यमिक शाळेच्या वरच्या चार वर्गांत मिळून 60 आणि प्रत्येक वर्गात 15 विद्यार्थी असतील तर सोय व्हावी. याच्या जोडीस आणखी दोन गोष्टी सुचविल्या गेल्या, आणि मला त्या आकड्यांपेक्षा अधिक मोलाच्या वाटतात. एक, सत्र सुरू होण्यापूर्वी नोंदवही उघडून पालकांची मागणी आगाऊ नोंदवून घ्यावी. दोन, एका शाळेत संख्या पुरत नसेल तर शेजारच्या शाळांतील मुले एकत्र करून वर्ग चालवावा. महाराष्ट्र त्या परिषदेत नव्हता. परंतु भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांच्या अहवालांतून या सूचना सर्व राज्यांपुढे वारंवार मांडल्या गेल्या.

माझ्या परिचयातील एका मुलीची हकिकत येथे सांगतो. ती मराठी माध्यमात शिकत होती. आजोबांची जुनी उर्दू पत्रे घरात ट्रंकेत होती आणि ती वाचावयाची हौस तिला होती. आठवीत तिने उर्दू मागितले. शाळेने सांगितले, सातच नावे आहेत, शिक्षक नेमता येत नाही. तिने हिंदी-संस्कृत घेतले आणि गुणही चांगले मिळविले. वर्ष सरल्यावर पालकांच्या बोलण्यातून कळले की, चार गल्ल्या पलीकडच्या शाळेतही पाच मुलांनी हीच मागणी करून हात टेकले होते. सात आणि पाच यांची बेरीज कोणी केली नाही. शाळेने केली नाही हे खरे. पण पालक म्हणून आपणही केली नाही. पत्रे ट्रंकेतच आहेत.

कुमारभारती आणि अक्षरभारती

27 जानेवारी 1967 रोजी पुण्यास पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ स्थापन झाले. त्याला आपण सारे ‘बालभारती’ म्हणून ओळखतो. आपल्या घरात मुले कोणते पुस्तक वाचतात ते एकदा पाहा. मराठी प्रथम भाषा असणारे मूल खालच्या वर्गांत ‘बालभारती’ आणि नववी-दहावीत ‘कुमारभारती’ वाचते. मराठी द्वितीय भाषा असणारे मूल ‘सुलभभारती’ आणि मग ‘अक्षरभारती’ वाचते. दोन्ही पुस्तके मराठीचीच, पण त्यांत पायरीचे अंतर आहे. प्रथम भाषेत वाङ्मय, व्याकरण व लेखन यांची अपेक्षा वरची. द्वितीय भाषेत बेताची.

उर्दूचेही तसेच. उर्दू माध्यमात शिकणाऱ्याला उर्दू ही प्रथम भाषा म्हणून पूर्ण 100 गुणांची. मराठी माध्यमातील मुलाला, शाळेत सोय असेल तर, संयुक्त अभ्यासक्रमात दुसऱ्या अर्ध्या विषयाबरोबर 50 गुणांचे उर्दू घेता येते. ज्याने पाचवी-सहावीपर्यंत लिपीच गिरवली नाही, त्याला आठवीत हे 50 गुणांचे उर्दूही डोंगर वाटते.

येथे आपल्या विषयाचा गाभा आहे. आपल्या राज्यात वरच्या पायरीची भाषा शिकण्यास पात्रतेची निराळी परीक्षा नाही. मुलाची हुशारी मोजून त्याला प्रथम भाषेच्या वर्गात घेत नाहीत. पात्रता ठरते ती फार आधी: पहिलीत माध्यम निवडताना, आठवीत भाषांचा गट निवडताना आणि वर्गातील डोकी मोजताना. दहावीच्या वर्षी जागे झालेल्या पालकाला तेथे करण्यासारखे फारसे उरत नाही. मुलगा उर्दूचा अध्यापक होऊ इच्छितो, पण शाळेत उर्दू शिकलेला नाही. मुलगी राज्यसेवेच्या परीक्षेस बसू इच्छिते, तेथे मराठीचा अनिवार्य पेपर आहे, आणि तिचे मराठी ‘सुलभ’पाशीच थांबले आहे. दोघांची वाट तशी अर्ज भरण्याच्या दिवशीच अवघड झाली होती.

2020 साली महाराष्ट्राने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. आपल्या मुलांना मराठी शिकावे लागेल, यात वाईट काही नाही. पण ती द्वितीय भाषेच्या पायरीवर कशीबशी उरकावयाची, की चांगली आत्मसात करावयाची, हा प्रश्न कायदा सोडवीत नाही. तो घरातच सुटतो.

परदेशातील एक उदाहरण

सिंगापूरमध्ये शाळांचे माध्यम इंग्रजी आहे आणि प्रत्येक मुलाला ‘मातृभाषा’ हा विषय घ्यावा लागतो. चिनी, मलय व तमिळ यांच्या जोडीस काही भारतीय भाषांनाही तेथे मान्यता आहे, आणि त्यांत उर्दू आहे. माध्यमिक शाळेत याच विषयाचा एक वरचा अभ्यासक्रम असतो. तेथे पात्रता डोकी मोजून ठरत नाही, प्राथमिक शाळेच्या अंतिम परीक्षेच्या गुणांवरून ठरते. पूर्वी या अटीत सर्व विषयांच्या एकूण निकालाला मोठे वजन होते. त्यामुळे मातृभाषेत उत्तम पण गणितात कच्चे असलेले मूल मातृभाषेच्याच वरच्या वर्गाला मुके. ही अट सैल करावी असे तेथील शिक्षणखात्याने ठरविले. 2026 साली माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलांपासून, मातृभाषेत उत्तम गुण असतील तर एकूण निकाल आड येत नाही.

यावरून एवढे दिसते की, अट कोणतीही असो, ती माणसांनी केलेली असते आणि अनुभवाने बदलता येते. तेथे अट मुलाला मोजते. येथे अट मुलांची संख्या मोजते. गुण वाढविणे एकट्या मुलाच्या हाती असते. संख्या जमविणे मात्र एकट्याच्या हाती नसते. त्याला शेजार लागतो, मोहल्ला लागतो, समाज लागतो.

आपण काय करावे

पालकांनो, इतिहास सांगून थांबणे बरे नव्हे, म्हणून चार शब्द व्यवहाराचे.

मातृभाषेचा रकाना घरी विचार करून भरा. उर्दू लिहिलेत तर मुलाला लिपी लवकर येऊ द्या. मराठी लिहिलेत तर त्यात अपराध नाही; शेख महंमदांचीही लेखणी मराठीच होती. मात्र जे लिहाल त्याची जबाबदारी घ्या.

मूल उर्दू माध्यमात असेल तर त्याचे मराठी द्वितीय भाषेवर सोडू नका. घरात मराठी वर्तमानपत्र येऊ द्या आणि त्यातील एक मजकूर रोज मोठ्याने वाचून घ्या. मूल मराठी माध्यमात असेल तर उर्दू केवळ अलिफ-बेपाशी थांबवू नका. आठवीत भाषांचे गट ठरतात, म्हणून सातवीतच शाळेत जाऊन कोणकोणत्या भाषांची सोय आहे याची चौकशी करा.

वर्ग उघडावा असे वाटत असेल तर तोंडी विनंतीवर विसंबू नका. मागणी लेखी द्या, सत्राआधी द्या, सर्व पालकांच्या सह्यांनी द्या आणि पोच घ्या. आपल्या शाळेत संख्या कमी पडली तर शेजारच्या शाळेतील पालकांना जाऊन भेटा. सात आणि पाच मिळून बारा होतात, हे गणित आपल्या प्रत्येकाला येते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक सांगावेसे वाटते. तुमच्या घरातल्या बोलीला कोणी हसले तर खाली पाहू नका. एका सुलतानाने तीत ग्रंथ रचला आहे. पण केवळ अभिमान बाळगून भाषा येत नसते. ती वाचावी लागते, लिहावी लागते, तिचे व्याकरण घोकावे लागते. घरात कोणा वडीलधाऱ्यांची जुनी पत्रे असतील, तर या सुट्टीत ती काढा आणि वाचता येतात का पाहा. येत नसतील, तर कोणती भाषा वरच्या पायरीवर शिकायची हे तुम्हांला दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही.